छताला न पाडलेलं भोक

माझा दादा आयुष्यात दोनदाच बोटीतून समुद्रावर गेला आणि दोन्ही वेळा ओकत परत आला. तिसऱ्यांदा कोणी आग्रह केला नाही. तरी आमच्या धक्क्यावरच्या निम्म्याअधिक मासेमारी बोटींना वाट दाखवणारी यंत्रं त्याच्याच हातची होती. बोट दोरांनी पक्की बांधलेली असेल आणि पाणी हलत नसेल तरच तो फळीवरून आत जायचा, एका हातात हत्यारांची पेटी आणि दुसरा हात कठड्याला. त्याला भिजलेला कोणी कधी पाहिला नाही, म्हणून सगळा धक्का त्याला कोरडे मास्तर म्हणायचा. त्याला या नावाचा राग यायचा नाही. आमच्या घरात राग येण्याचं खातं माझ्याकडे होतं.

आधी तो रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओचे दिवस संपले तेव्हा त्याने रडत न बसता बोटींवरचे वायरलेस, पाण्याची खोली मोजायची यंत्रं आणि मग जीपीएस शिकून घेतलं. काम करताना बघण्यासारखा असायचा. बोटीच्या केबिनमध्ये शिरताना चपला बाहेर काढायचा. मासळीच्या पाण्याने चिकट झालेल्या त्या केबिनमध्ये चपला काढणारा तो एकटाच. वायर नेली तर दर चार बोटांवर क्लिप. आणि कुठेही भोक पाडायचं असलं की कानावरची पेन्सिल काढून आधी एक वर्तुळ काढायचा आणि त्याच्यासमोर चहा संपेपर्यंत नुसता बसून राहायचा. "भोक पाडायला एक मिनिट लागतं, बुजवायला जन्म जातो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बोटवाले वैतागायचे. मीही वैतागायचे.

त्याची एक खोड मात्र मला मुळीच आवडायची नाही. यंत्र बिघडून परत आलं की तो पहिल्यांदा म्हणायचा, "माझंच काहीतरी राहिलं असेल." एकाने तर यंत्र सरळ इंजिनाखालच्या पाण्यात पाडलं, पुसून आणलं आणि म्हणाला, आपोआप बंद पडलं. दादाने त्याची माफी मागितली. मी त्या दिवशी त्याच्या दुकानात उभी राहून भांडले होते. "अरे, समोरच्याला आधी विचार तरी, की बाबा तू काय केलंस?"

"विचारतो की," तो म्हणाला. "आता परका माणूस आहे, बोलेल खोटं. यंत्र उघडलं की कळतंच. घरच्या माणसाचं असतं तर उघडायचीही गरज पडली नसती."

तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला होता. आता ते वाक्य आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

आमच्या ह्यांची स्वतःची बोट होती. दुसऱ्यांच्या बोटींवर अठरा वर्षं राबून घेतलेली. हे माणूस म्हणून सोन्यासारखे, पण बोटीच्या बाबतीत नाकावर राग. जुन्या केबिनच्या छताला भोक पाडून दादाने वायरलेसची काठी बसवली होती. दोन पावसाळ्यांनी तिथून पाणी झिरपलं आणि छत कुजलं. चूक काठीच्या बुडाशी फट बुजवायला भरलेल्या लांबीची होती की दादाच्या हाताची, देव जाणे. दादाने नेहमीप्रमाणे ती आपल्या अंगावर घेतली आणि ह्यांनी ती त्याच्या अंगावरून उतरू दिली नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बहुतेक माझ्यामार्फत चालायचं. मी म्हणजे चालतंबोलतं टपाल.

मग ह्यांनी नवं छत स्वतःच्या हाताने केलं. तीन आठवडे लागले. प्लायवूड, त्यावर फायबरचं कापड, त्यावर लेप, मग घासणं, पुन्हा लेप. रात्रीच्या जेवणावर विषय एकच, छत. मुलांच्या जन्माच्या वेळी ह्यांनी इतकं कौतुक केलं नव्हतं. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे आल्यागेल्याला बजावणं चाललेलं, "या छताला एक खिळासुद्धा लागणार नाही."

आणि अशात दादा जीपीएस घेऊन आला.

हे त्या दिवशी इंजिनाचा भाग आणायला बाहेर गेले होते. दादाने बोटीच्या केबिनमध्ये पेटी उघडली. एक पडदा, पाठ्यपुस्तकाएवढा, आणि वेगळ्या पिशवीत एक पांढरी गोल वस्तू, अळंब्यासारखी, तळहातावर मावेल अशी. "या पडद्याच्या पोटातच एक अँटेना आहे," त्याने सांगितलं, "आणि ही दुसरी, बाहेर छतावर लावायची. आतली म्हणजे खोलीत बसून आकाश बघणं. बाहेरची म्हणजे गच्चीवर जाऊन. मी बाहेरची लावणार." एवढं बोलून त्याने स्टुलावर चढून छताला आतून वर्तुळ काढलं आणि चहाची वाट बघत बसला.

मी वर्तुळ बघितलं आणि चहाचा कप माझ्याच हातात धरून ठेवला.

"दादा, आतल्या अँटेनाने चालतं का नाही, एवढंच सांग."

"चालतं. छत लाकूड-फायबरचं आहे. त्यातून तिला दिसतं."

"मग झालं."

"छोटे, चालणं वेगळं आणि भरवसा वेगळा." पन्नाशीला टेकले तरी मी त्याची छोटीच होते. "मध्ये पत्रा आला, पाणी आलं, की आतली आंधळी होते."

"तू भोक पाड, आणि मग हे घर डोक्यावर घेतील ते मी निस्तरते. तुझं काय जातं? पेटी उचलून जाशील. रोजचं तोंड मला बघायचंय!"

त्याने अँटेना बाहेरच्या कठड्याला लावून वायर खिडकीतून आणू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मग खिडकी लागणार कशी? त्यावर त्याने पेन्सिल परत कानावर ठेवली. मला नाही म्हणणं त्याला लहानपणापासून कधी जमलं नाही, आणि ते मला पुरतं ठाऊक होतं. त्याने पडदा बसवला, चालू केला. पडद्यावर उभ्या रेघा एकेक करून वर आल्या, एका सॅटेलाइटची एक रेघ. आठ. त्याने वहीत तारीख आणि आठचा आकडा लिहिला. मग ते पांढरं अळंबं परत पिशवीत घालताना म्हणाला, "एक कर. दाजींना सांग, या छतावर काही ठेवायचं नाही. ओलं जाळं नाही, ट्रे नाहीत, काही नाही. पुढेमागे त्यांचा राग निवळला की मी बाहेरची लावीन. तोवर छत मोकळं. सांगशील ना?"

"सांगते."

संध्याकाळी हे आले. वर मान करून सगळं छत बोटांनी चाचपलं. "भोक नाही पाडलं? शहाणे झाले म्हणायचे तुझे दादा!" आणि हसले. दीड वर्षात ह्यांच्या तोंडून दादाबद्दल निघालेला तो पहिला बरा शब्द. त्याला 'पण' जोडणं माझ्या जिवावर आलं. 'पण छतावर काही ठेवू नका' म्हटलं असतं, की हे म्हणणार, म्हणजे अर्धवटच काम केलंय! म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. आठ महिने यंत्र उत्तम चाललं आणि मी निरोप विसरले. विसरले म्हणते, पण ते खरं नाही. सांगायची गरज उरली नाही असं मी माझं मलाच पटवून दिलं.

आठ महिन्यांनी एका सकाळी धुकं पडलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात असं. बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला टाकलेले मोठे दगड आहेत, आमची बोट त्यांच्यावर चढली. पडद्यावर म्हणे बोट अजून दूर, मोकळ्या पाण्यात होती. मागून येणाऱ्या बोटीने ह्यांना आणि चारही खलाशांना उचललं. जीव वाचले. ह्यांचा डावा पाय दोन बोटींच्या मध्ये सापडला, तो पुढे कधी सरळ झाला नाही. दुपारपर्यंत बोट फुटली. लाटांनी केबिन सुटी करून किनाऱ्याला लावली. छत शाबूत होतं. इतकं चांगलं छत ह्यांनी केलं होतं.

दादा दवाखान्यात धावत आला. एरवी सावकाश चालणारा माणूस, धापा टाकत. ह्यांनी खाटेवर पडल्या पडल्या त्याला दारातच धारेवर धरलं.

"यंत्राबरोबर बाहेरची अँटेनाही येते ना? का नाही लावलीत?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. दादाने माझ्याकडे बघितलं. फार नाही, एखादा श्वास घेईपर्यंत. मी पायाच्या बँडेजकडे बघत राहिले.

"मला वाटलं, आतली पुरेल," दादा म्हणाला.

मग त्याने विचारलं, "दाजी, छतावर काय होतं?"

"काही नव्हतं. मोकळं होतं छत."

बाहेर व्हरांड्यात त्याने मला गाठलं. "छोटे, तू सांगितलं होतंस ना त्यांना? छताचं?"

"हो," मी म्हटलं. "त्याच दिवशी."

त्याने मान हलवली आणि पेन्सिल कानावरून काढून उगाच खिशात ठेवली. तो गेला. त्यानंतर अकरा वर्षं आमच्या घराचं दार त्याच्यासाठी उघडलं नाही. ह्यांनी धक्क्यावर सगळ्यांसमोर त्याच्या नावाने खापर फोडलं आणि तो कोणालाही एक शब्द बोलला नाही. बोटींचं काम त्याने आपणहून सोडलं. घरी बसून पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायला लागला.

मी कशी गप्प बसले? सांगते, माझ्याकडे त्याचंही उत्तर तयार होतं. छत मोकळंच होतं म्हणतात ना? मग माझा निरोप पोचला काय, न पोचला काय, फरक काय पडला? बिघाड यंत्रातच असणार. या एका वाक्यावर मी अकरा वर्षं काढली.

दादाकडे मी जायचे, ह्यांना न सांगता. दोन खोल्यांचं तळमजल्यावरचं घर, खिडकीशी वहिनीचं शिलाई मशीन. दादाने आमच्या बोटीवरचं ते यंत्र मागून नेलं होतं, सुकवून चालूही केलं होतं. खिडकीत दोन विटांवर प्लायवूडचा तुकडा ठेवून त्याखाली ते यंत्र, आणि समोर हा. एकदा गेले तर यंत्र शिलाई मशीनवर दोरीने बांधलेलं आणि वहिनी रागारागाने पाय मारतेय!

"बघा, बघा तुमच्या भावाचे उद्योग," वहिनी म्हणाली. "गिऱ्हाइकाचे दोन ब्लाउज अडलेत आणि मी इथे बोटीचं इंजिन झालेय!"

"हादऱ्याने आत काही सुटतंय का बघतोय," दादा म्हणाला. "जरा जोरात मार ना."

मी पोट धरून हसले. तोही हसला. त्या हसण्यात सांगून टाकायला काय झालं होतं मला? ओठावर आलं होतं. पण वहिनी समोर होती, चहा गार होत होता, आणि असली कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

मागच्या महिन्यात दादा गेला. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. हे गल्लीच्या तोंडापर्यंत आले, काठीवर रेलून उभे राहिले आणि आत न येता परत गेले. आठ दिवसांनी वहिनीने माझ्या हातात एक खोकं दिलं. "तुमच्या बोटीचं आहे, तुम्हीच ठेवा. मला त्याच्याकडे बघवत नाही." खोक्यात ते यंत्र होतं, पिशवीतून कधी बाहेर न निघालेलं पांढरं अळंबं होतं आणि एक वही, तिच्यात खोचलेली त्याची पेन्सिल.

आम्ही आता जाळी विणायचं, दुरुस्तीचं काम करतो. अंगणात जाळ्यांचे तरंगते गोळे ठेवायला विटांची एक खोली आहे आणि तिच्यावर छत म्हणून ह्यांनी बोटीचं तेच छत चढवलंय. वर मान केली की पेन्सिलीचं वर्तुळ दिसतं. मी ते रोज बघते. ह्यांना वाटायचं, ते मोजमापाचं काहीतरी असेल.

त्या खोलीत बसून ह्यांनी वही उघडली. चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या पानावर एवढंच होतं.

'छत मोकळं होतं (दाजी). निरोप पोचला होता (छोटी). हे दोन्ही पक्कं. म्हणजे दोष बसवण्यात.'

पुढे पानंच्या पानं. कोरडं प्लायवूड, आठ. दुहेरी प्लायवूड, सात. त्यावर फायबर, सात. बॅटरी उतरलेली, सात. वायर सैल करून, आठ. शिलाई मशीनवर, आठ. प्रत्येकाला तारीख. अकरा वर्षांच्या तारखा. अक्षर हळूहळू मोठं आणि वेडंवाकडं होत गेलेलं. शेवटची ओळ सहा आठवड्यांपूर्वीची.

'दोष सापडत नाही. म्हणजे माझ्या हाताचाच असणार.'

हे थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही.

"छतावर जाळं होतं," हे म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"ओलं जाळं, आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या ट्रेंच्या दोन रांगा. त्या दिवशी मासळी एवढी लागली की खाली पाय ठेवायला जागा नव्हती. माझे वडील सांगून थकले होते, छतावर वजन चढवतो तो बोटवाला नव्हे. चार खलाशांसमोर मीच चढवलं. कसं सांगणार होतो, आणि तेही तुझ्या दादाला? यंत्र पिंपिं करत होतं. त्याचा आवाज मीच बंद केला." हे माझ्याकडे बघायला तयार नव्हते. खलाशी बोलले नाहीत. बोटीवरचं बोटीवर ठेवायचं, हा आमच्या धक्क्याचा नियम, आणि तो सगळ्यांनी पाळला. "मला वाटलं, जाळ्याने काय होतंय? बिघाड यंत्राचाच. जाळ्याचं तुझ्या दादाने आधी सांगितलं असतं, तर मी ठेवलं असतं का?"

"त्याने सांगितलं होतं," मी म्हटलं. "माझ्याजवळ. मी तुम्हाला सांगितलं नाही. आणि बाहेरची अँटेनासुद्धा मीच लावू दिली नाही." बोट वर करून मी वर्तुळ दाखवलं. "ते भोक पाडायचं होतं त्याला."

हे ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी मान वर करून ते वर्तुळ बघितलं. मग काठी घेऊन उठले, कोपऱ्यातली बॅटरी ओढली आणि यंत्राला वायरी जोडल्या. यंत्र त्या छताखाली फळीवर ठेवलं. रेघा वर आल्या. आठ.

"जाळं आण," हे म्हणाले.

मी हौदात बुडवून जाळं आणलं. शिडीवर चढले, कारण ह्यांना चढता येत नाही. जाळं पसरलं, वर शेजाऱ्यांकडून आणलेले ट्रे मांडले. कडेने पाणी गळत होतं. खाली उतरून आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो, जसा तो बसायचा. एक रेघ गेली. मग दोन एकदम. शेवटी दोन उरल्या, आणि पडद्यावरचं बोटीचं चिन्ह होतं तिथेच गोठलं. यंत्र पिंपिं करायला लागलं. ह्यांनी आवाज बंद केला नाही.

मी खोक्यातली त्याची पेन्सिल घेतली आणि त्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'ओलं जाळं, वर ट्रे. दोन. हात बरोबर होता.' ह्यांनी वही माझ्याकडून घेतली आणि पहिल्या पानावरच्या पहिल्या दोन वाक्यांवर काट मारली, आधी स्वतःच्या, मग माझ्या.

संध्याकाळी आम्ही दोघं वहिनीकडे गेलो. अकरा वर्षांनी हे त्या घराची पायरी चढले. मी सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि वही तिच्या पुढ्यात उघडून ठेवली. तिने ती ओळ वाचली. दोनदा वाचली असावी. आम्ही वाट बघत होतो, की ती आता आम्हाला शिव्या देईल, हाकलून देईल. आम्हाला ते हवंच होतं.

"किती वेळ लागला हे कळायला?" तिने विचारलं.

"पाच मिनिटं," मी म्हटलं.

तिने वही मिटली आणि उठून शिलाई मशीन कापडाने झाकलं.